वेस्टसेल ३२

वेस्टसेल ३२ ही खुल्या समुद्रातील दीर्घ पल्ल्याच्या प्रवासासाठी तयार करण्यात आलेली फायबरग्लासची शिडाची नौका आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील वेस्टसेल या कंपनीने १९७१ पासून १९८० च्या सुमारापर्यंत तिचे उत्पादन केले. या काळात सुमारे ८३० नौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी जवळपास निम्म्या नौका ग्राहकांनी अपूर्ण अवस्थेत विकत घेऊन स्वतः पूर्ण केल्या. उत्पादन थांबून चार दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी यांतील अनेक नौका आजही वापरात आहेत. नवी सागरगामी नौका घेणे न परवडणारे प्रवासी वापरलेल्या वेस्टसेल ३२ चा विचार करतात.

इतिहास

या नौकेच्या रचनेचे मूळ नॉर्वेमध्ये आहे. कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटाड्यांसाठी आणि संकटात सापडलेल्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी जड, रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या नौका तयार केल्या. वादळातही समुद्रावर टिकून राहणे हे त्यांचे काम होते. अमेरिकन रचनाकार विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात हीच घडण सुमारे ३२ फूट लांबीच्या खासगी नौकेत उतरवली. ‘एरिक’ या नावाने ती रचना प्रसिद्ध आहे.

ॲटकिन यांच्या रचनांवरून पुढे कॅलिफोर्नियात केंडल ३२ ही फायबरग्लासची नौका तयार झाली. ती बनवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर स्नायडर व लिन व्हिक या दांपत्याने तिचे साचे विकत घेऊन वेस्टसेल कंपनी सुरू केली. ब्रिटनमध्ये जन्मलेले रचनाकार विल्यम क्रीलॉक यांनी नौकेचा वरचा भाग आणि अंतर्रचना नव्याने आखली. नोकरी सोडून जगप्रवासाला निघण्याचे स्वप्न १९७० च्या दशकातील अमेरिकेत लोकप्रिय होते आणि वेस्टसेल ३२ त्या स्वप्नाची ओळख बनली.

रचना

कवचाची लांबी: ३२ फूट (९.७५ मीटर)
पाण्याच्या पातळीवरील लांबी: २७.५ फूट (८.३८ मीटर)
कमाल रुंदी: ११ फूट (३.३५ मीटर)
पाण्याखालील खोली: ५ फूट (१.५२ मीटर)
एकूण वजन: १९,५०० पौंड (सुमारे ८,८४५ किलोग्रॅम)
तळाशी बसवलेला भार: ७,००० पौंड (सुमारे ३,१७५ किलोग्रॅम)

नौकेला एकच डोलकाठी असून तिच्यापुढे दोन शिडे लावली जातात. या मांडणीला कटर म्हणतात. तळकणा जवळजवळ संपूर्ण लांबीभर असून सुकाणू त्याच्या मागच्या कडेला जोडलेले असते. त्यामुळे नौका आपली दिशा सहज सोडत नाही आणि तरंगत्या ओंडक्याचा किंवा दोराचा सुकाणूला होणारा उपद्रवही कमी होतो. कवच जाड, भरीव फायबरग्लासचे आहे. अनेक आठवड्यांचे पाणी, धान्य आणि अवजारे वाहून नेल्यावरही तिच्या चालीत फारसा फरक पडत नाही.

या गुणांची किंमत वेगात मोजावी लागते. मंद वाऱ्यात ती सुस्त असते, वाऱ्याच्या दिशेने तिरकस चढताना मागे पडते आणि बंदरातील अरुंद जागेत वळवण्यास अवघड जाते. या संथपणामुळे तिला ‘वेटस्नेल’, म्हणजे ओली गोगलगाय, असे थट्टेचे नाव मिळाले.

१९९१ चे वादळ

ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस उत्तर अटलांटिकमध्ये आलेल्या, पुढे ‘परफेक्ट स्टॉर्म’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वादळात ‘सॅटोरी’ ही वेस्टसेल ३२ सापडली. अमेरिकन तटरक्षक दलाने नौकेवरील तिघांची सुटका केली आणि नौका समुद्रावर सोडून द्यावी लागली. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली आढळली. पुढे तिची दुरुस्ती होऊन ती पुन्हा पाण्यात उतरली. या प्रकारच्या नौकेच्या भक्कमपणाचा पुरावा म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते. मात्र नौका तरंगत राहणे आणि तिच्यावरील माणसे सुरक्षित राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्या घटनेतून दिसते.

वापरलेली नौका विकत घेताना

कवच टिकाऊ असले, तरी त्यावर बसवलेले भाग तसे नाहीत. शिवाय निम्म्या नौका ग्राहकांनी पूर्ण केल्यामुळे दोन वेस्टसेल ३२ आतून सारख्या असतीलच असे नाही. काहींचे सुतारकाम उत्कृष्ट आहे, तर काहींतील वीजतारा व नळ धोकादायक रीतीने जोडलेले असतात. म्हणून रचनेच्या लौकिकापेक्षा त्या विशिष्ट नौकेची अवस्था महत्त्वाची ठरते. तपासणीत पुढील भागांकडे विशेष लक्ष दिले जाते:

नाळेपुढचा लाकडी दांडा: डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार याच दांड्याला बांधलेली असते. तो आतून कुजला, तर डोलकाठीच कोसळू शकते. मागील बाजूच्या दांड्यालाही हेच लागू होते.

तारा आणि पोलादी पट्ट्या: डोलकाठीच्या तारा कवचावरील पट्ट्यांना जोडलेल्या असतात. गंजरोधक पोलादही ओल साचलेल्या आणि हवा न लागणाऱ्या फटीत आतून पोखरले जाते, पण बाहेरून चकचकीत दिसते. तारा साधारणपणे दहा ते पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात.

वरचा तक्तपोशीचा भाग: यात फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपल्यास ते कुजते. हातोडीने ठोकल्यावर येणारा बद्द आवाज ही त्याची खूण होय.

इंधनाच्या टाक्या आणि इंजिन: लोखंडी टाक्या गंजतात आणि त्या काढण्यासाठी आतील लाकूडकाम उचकटावे लागू शकते. मूळ डिझेल इंजिन बदलले आहे की नाही, हेही पाहावे लागते.

पाण्याखालील भाग: झडपा, नळ आणि कवचावरील फोड तपासण्यासाठी नौका पाण्याबाहेर काढणे आवश्यक असते.

अशी तपासणी स्वतंत्र सागरी सर्वेक्षकाकडून करून घेतली जाते. त्याच्या अहवालाचा उपयोग भाव ठरवताना होतो आणि विमा कंपन्याही तो मागतात. खरेदीपूर्वी शिडे उभारून समुद्रात चाचणीही घेतली जाते. तारा, शिडे, इंजिन आणि वीजव्यवस्था हे सर्व एकाच वेळी बदलावे लागले, तर दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो. त्यामुळे स्वस्त मिळालेली नौका अखेरीस महाग ठरल्याची उदाहरणे नौकाप्रेमींमध्ये परिचित आहेत.

मुंबई आणि गोव्याशी संबंध

वेस्टसेल ३२ भारतात बांधली गेली नाही, मात्र तिच्याच कुळातील ‘सुहेली’ मुंबईत तयार झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘एरिक’ रचनेनुसार ती सागवानात बांधून घेतली. १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतत त्यांनी एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच होत.

या प्रवासाच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९८८ पूर्वी आखलेल्या, लांब तळकण्याच्या ३२ ते ३६ फुटी नौकांनाच परवानगी होती. तिच्या मान्य यादीत वेस्टसेल ३२ चा समावेश होता. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्या शर्यतीत गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ ही ‘सुहेली’ची प्रतिकृती घेऊन उतरले, परंतु हिंदी महासागरातील वादळात ते जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. २०२२ च्या शर्यतीत त्यांनी रस्टलर ३६ प्रकारची, आधी वापरलेली नौका दुरुस्त करून घेतली आणि दुसरा क्रमांक मिळवला.