कर्तन हत्यारांची झीज व संनियंत्रण

संगणक-नियंत्रित यंत्रावर धातूचे कर्तन चालू असताना हत्याराची धार किती झिजली आहे, तसेच हत्यार मोडले आहे काय, हे संवेदकांच्या साहाय्याने ओळखण्याच्या तंत्रास हत्यार-संनियंत्रण म्हणतात. हाताने चालविण्याच्या यंत्रांवर हे काम कारागिराची ज्ञानेंद्रिये करीत. कर्तनाचा बदललेला आवाज, छिलक्यांचा रंग, हाताला जाणवणारा कंप व कातलेल्या पृष्ठाची चकाकी यांवरून धार गेल्याचे अनुभवी कारागिरास कळे.

या अनुभवास गणिती रूप देण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) यांनी केला. फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० मध्ये सुरू झालेले त्यांचे प्रयोग सु. २६ वर्षे चालले. १९०६ मध्ये त्यांनी कर्तन वेग व हत्याराचे आयुष्य यांचा संबंध सूत्रबद्ध केला. या सूत्रानुसार द्रुतगती पोलादाच्या हत्याराचा वेग दहा टक्क्यांनी वाढविल्यास त्याचे आयुष्य सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी होते. तथापि सूत्रातून मिळते ती सरासरी. एकाच घडणीची दोन हत्यारे एकाच कामावर सारखीच टिकतील असे नाही.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली छिद्रित फितीवरील अंकीय आज्ञांनुसार चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले आणि ही उणीव ठळक झाली. यंत्र आज्ञा अचूक पाळी. परंतु हत्यार मोडले, तरी त्याचे काम पुढे चालूच राही. छिद्र पाडणारे हत्यार मोडल्यास त्यामागून येणारा टॅप न पडलेल्या छिद्रात आटे पाडू लागतो व तोही मोडतो. लंडनच्या मोलिन्स कंपनीत डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात रात्री मनुष्याविना चालणारी ‘सिस्टिम २४’ ही योजना आखली. अशा योजनांत हत्यारावर नजर कोणी ठेवावी, हा प्रश्न कळीचा ठरला.

याच दशकात अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने कर्तनस्थितीनुसार वेग आपोआप बदलणारी नियंत्रणपद्धती तयार केली. परंतु चालू कर्तनात झीज थेट मोजणारा विश्वासार्ह संवेदक नसल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला. साहजिकच संशोधन अप्रत्यक्ष खुणांकडे वळले. कर्तनबल, कंप व चलित्राचा विद्युत् प्रवाह मोजण्यात येऊ लागले. १९७७ मध्ये जपानमधील इवाता व मोरिवाकी यांनी धातूतून उठणाऱ्या श्रवणातीत लहरींचा, म्हणजे ध्वनिक उत्सर्जनाचा, झीज ओळखण्यासाठी केलेला उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने एकधारी हत्यारांच्या चाचणीसाठी प्रमाण ठरविले. त्यात धारेखालील झिजेच्या पट्ट्याची सरासरी रुंदी ०·३ मिमी. होणे, ही आयुष्य संपल्याची एक कसोटी आहे.

मोड ओळखणे तुलनेने सोपे आहे. कारण मोडताना बलात एकाएकी बदल होतो. शिवाय दोन कर्तनांच्या दरम्यान स्पर्श-संवेदकाने वा लेसर किरणाने हत्याराची लांबी तपासता येते. झीज मात्र सावकाश वाढते आणि तिच्यामुळे वाढणारे बल धातूचा कठीणपणा किंवा कापाची खोली बदलल्यानेही वाढते. इशाऱ्याची मर्यादा कमी ठेवल्यास यंत्र विनाकारण थांबते. जास्त ठेवल्यास महागडा भाग वाया जातो. म्हणून अनेक कारखान्यांत आजही ठराविक नग झाल्यावर, धार शिल्लक असतानाही, हत्यार बदलले जाते. संवेदक व संगणक पुष्कळ सुधारले असले, तरी ही मर्यादा ठरविताना कारागिराच्या अनुभवाचा आधार घ्यावा लागतो.