दुसऱ्याच्या तोंडची वाक्यं

प्राचीन अथेन्समध्ये आजच्या अर्थाने वकील नव्हते. फिर्याद असो की बचाव, ज्याचं त्याने उभं राहून शेकडो पंचांसमोर बोलायचं. वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ. भांड्यातलं पाणी संपलं की भाषण संपलं. ज्याला बोलणं जमत नसे तो पैसे मोजून भाषण लिहून घेई आणि पाठ करून म्हणे. अशी भाषणं लिहिणाऱ्याला ‘लोगोग्राफोस’ म्हणत. आपल्याकडच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचा हा दूरचा पूर्वज. मी जाहिरातींचा आणि कंपन्यांचा मजकूर लिहून पोट भरतो, त्यामुळे माझाही.

या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला एक सल्ला मिळतो: मजकुरात जीव गुंतवू नकोस. सल्ला बरोबरच आहे, पण तो बहुतेक वेळा ‘मनाला लावून घेऊ नकोस, पैसे घे आणि विसर’ एवढ्यावरच थांबतो. मला त्याचा पुरता अर्थ लागला तो लिसियस वाचताना.

लिसियस हा अथेन्समधला परदेशी रहिवासी. वडील केफालस मूळचे सिराक्यूजचे. अशा रहिवाशांनी कर भरायचा, युद्धात लढायचं, मतदान मात्र करायचं नाही. घरचा ढाली बनवण्याचा कारखाना होता, पैसा होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला संवाद घडतो तो लिसियसचा भाऊ पोलेमार्कस याच्याच घरी. लिसियस तिथे हजर आहे, पण अख्ख्या ग्रंथात तो एक शब्द बोलत नाही.

इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली. त्यांचा डोळा श्रीमंत परदेशीयांच्या पैशावर होता. लिसियस लाच देऊन आणि मागच्या दाराने पळून वाचला. पोलेमार्कसला रस्त्यात पकडून विष प्यायला लावलं. राजवट पडल्यावर, भावाला पकडणाऱ्या एराटोस्थेनिसविरुद्ध लिसियस स्वतः बोलायला उभा राहिला. सुरुवातीलाच तो सांगतो, की आजवर मी स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी कधी खटला चालवलेला नाही.

या भाषणात आक्रोश फार थोडा आहे. जास्त आहे ती मोजदाद. सातशे ढाली नेल्या. वहिनीच्या कानातली सोन्याची कर्णभूषणं ओरबाडली. कुटुंबाची तीन घरं असताना एकाही घरातून अंत्ययात्रा काढू दिली नाही. एक झोपडं भाड्याने घेऊन प्रेत तिथे ठेवावं लागलं. कुणा मित्राने अंगावर घालायला वस्त्र दिलं, कुणी उशी दिली.

कारखाना गेला, संपत्ती गेली. त्यानंतरची वीसेक वर्षं लिसियस दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला. त्याच्या नावावरची तीसहून अधिक भाषणं आज उपलब्ध आहेत. एक अशील अपंग: रोजचा एक ओबोल भत्ता वाचवण्यासाठी धडपडणारा. ‘हा तर घोड्यावर बसतो!’ या आरोपावर तो म्हणतो, की माझ्याकडे पैसे असते तर आरामात खेचरावर बसलो असतो. ते नाहीत म्हणून लोकांचे घोडे मागून आणतो. दुसरा अशील युफिलेटस. बायकोच्या प्रियकराला त्याने घरातच मारलेलं. तो आपल्या दुमजली घराची रचना सांगतो, बाळाचं रडणं सांगतो, आणि भाऊ जाऊन महिनाही झालेला नसताना बायकोच्या तोंडावर रंग दिसला हेही सांगतो. प्रत्येकाचा आवाज वेगळा. लिसियस कुठेच दिसत नाही.

पण मला तो एका ठिकाणी दिसतो. दुःख लहान, मोजता येणाऱ्या वस्तूंत असतं, हे त्याला त्या उशीने शिकवलेलं होतं. ते ज्ञान त्याने अशिलांना दिलं. भाऊ मात्र दिला नाही. अलिप्तपणा म्हणजे मला वाटतं एवढंच: काय द्यायचं आणि काय आपल्याकडे ठेवायचं हे ठाऊक असणं. कोरड्या माणसाला तो एक ओबोल लिहिता आला नसता.

त्याच्याविषयीच्या दोन कथा पुढच्या ग्रंथकारांनी सांगितल्या आहेत. प्लुटार्क सांगतो: एक अशील भाषण घेऊन परत आला. म्हणाला, पहिल्यांदा वाचलं तेव्हा अप्रतिम वाटलं, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाचलं तर अगदीच फिकं. लिसियस हसला आणि म्हणाला, पंचांसमोर तुम्ही ते एकदाच म्हणणार ना? ‘सात वेळा वाचलं, मजा नाही आली’ असा निरोप येतो तेव्हा मला ही कथा आठवते. मजकूर वाचायचा कुणी, किती वेळा आणि कुठे, हे लिहिणाऱ्याने धरून ठेवलं की अपमान वाटायला जागा उरत नाही. राहतो तो कामाचा प्रश्न.

दुसरी कथा डायोजेनिस लाएर्टियसची. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरला तेव्हा लिसियसने त्याच्यासाठी बचावाचं भाषण लिहून नेलं. सॉक्रेटिसने ते वाचलं, छान आहे म्हणाला, आणि परत केलं. मला शोभणार नाही. छान आहे तर शोभणार कसं नाही, असं लिसियसने विचारलं. उंची कपडे आणि जोडेही मला शोभणार नाहीतच की, असं उत्तर आलं.

नाकारलेल्या मजकुराची याहून स्वच्छ कारणमीमांसा मी ऐकलेली नाही. कपडा चांगला शिवलेला होता. तो त्या अंगाचा नव्हता. शिंप्याने तो घडी घालून ठेवावा आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं.