मंत्रचळ : एका मनोविकाराचा इतिहास आणि रायगड किनारपट्टी

प्रस्तावना :
मंत्रपठणात चूक झाल्यास बुद्धीला चळ लागतो, ही जुनी समजूत 'मंत्रचळ' या शब्दामागे आहे. नको असलेला विचार मनात सतत येणे व त्यापोटी एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, या विकारासाठी मराठीत आजही हा शब्द वापरला जातो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड परिसरात कोकणी मुस्लिम समाजाचीही जुनी वस्ती आहे. इस्लामी परंपरेत अशा शंकेस 'वसवसा' म्हणतात. नमाजापूर्वीची वजू नीट झाली नाही या शंकेने ती वारंवार करणे हे त्याचे परिचित रूप होय. दोन्ही शब्द विकाराचे मूळ धर्माचाराशी जोडतात. हे मूळ मेंदूत कसे शोधले गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैद्यकीय विचाराची वाटचाल :
फ्रान्समध्ये एस्किरोल यांनी 1838 मध्ये या विकाराची गणना आंशिक वेडात केली. जर्मनीत वेस्टफाल यांनी 1877 मध्ये रुग्णाची बुद्धी शाबूत असते, हे स्पष्ट केले. फ्रॉइड यांनी 1909 मध्ये त्याचे कारण अबोध मनातील संघर्षात शोधले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या निद्रा-मेंदूज्वरातून वाचलेल्या काही रुग्णांत मात्र अशी लक्षणे दिसली आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांकडे लक्ष वेधले गेले.

1987 मध्ये अमेरिकेत बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांद्वारे डोळ्यांच्या वरील अग्रभाग व पुच्छ केंद्रक येथे ग्लुकोजचा वापर वाढलेला दाखविला. हे भाग थॅलॅमसशी मिळून एक मंडल बनवितात. 'काही तरी चुकले' हा संकेत या मंडलात शमत नाही, फिरत राहतो, असे आज मानले जाते. 1992 मध्ये त्याच गटाला औषधाने आणि वर्तनोपचाराने बरे वाटलेल्या, अशा दोन्ही रुग्णगटांत पुच्छ केंद्रकाची ही क्रिया मंदावलेली आढळली.

किनारपट्टीचा संदर्भ :
रत्नागिरी (1886) व ठाणे (1901) येथील मनोरुग्णालयांच्या मध्ये तत्कालीन कुलाबा, म्हणजे 1981 पासूनचा रायगड जिल्हा येतो. 1912 च्या कायद्याला 'वेडा' तेवढा ठाऊक होता. घरसंसार सांभाळणारी, आपल्या शंकेचा निरर्थकपणा जाणणारी व्यक्ती त्या चौकटीत सहसा बसत नव्हती. तिचा निवाडा घरातच होई. विहिरीवर दहादा हात धुणारी सून आरंभी 'सोवळ्याची' म्हणून वाखाणली जाई. पुढे तीच 'चळलेली' ठरे. सोवळे पाळणे हा विकार नव्हे, परंतु सोवळ्याच्या आड विकार झाकला जाऊ शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. तथापि विकार ओळखला गेला नाही, तर त्या हक्काचा उपयोग होणार नाही.

समारोप :
जुन्या शब्दाने चूक रुग्णाच्या पठणात पाहिली. मेंदूविज्ञानाने ती चुकीची जाणीव करून देणाऱ्या यंत्रणेत दाखविली. 'मंत्रचळ' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्यातील दोषारोप मात्र सोडला पाहिजे. वर्गात प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा तपासत बसणाऱ्या, उत्तर खोडून परत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहताना अध्यापकांनी हा भेद ध्यानी घ्यावा.