भिंगांचे स्थलांतर

१९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती, पाताळगंगेच्या खोऱ्यात, रसायनीची जी वसाहत वाढली, तिच्यातील हौशी छायाचित्रकाराला भिंगासाठी मुंबईच्या फोर्टातील बाजारच जवळचा. स्थिर नाभीय अंतराचे ५० मिलिमीटरचे भिंग, त्याच्या विशाल छिद्रामुळे मंद प्रकाशातही उपयोगी पडत असल्याने, त्या छायाचित्रकाराचे मुख्य शस्त्र होते. परंतु १९८७ साली कॅननने, स्वयंचलित नाभीयनासाठी, भिंग कॅमेऱ्याला जोडणारी १९७१ पासूनची एफडी बैठक मोडीत काढून ईएफ आणली, तेव्हा जुन्या भिंगांचे वतन एका फर्मानाने खालसा झाले. प्रश्न केवळ दोन मिलिमीटरांचा होता. बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर एफडीत ४२, तर ईएफमध्ये ४४. त्यामुळे मध्ये साधे कडे बसवले तरी दूरचा माणिकगड स्पष्ट होईना. गंमत अशी, की प्रतिस्पर्धी निकॉनची ४६.५ च्या हिशेबाने घडवलेली भिंगे मात्र त्याच कॅमेऱ्यावर कड्यानिशी चालत! २०१८ साली आरशाविना आलेल्या कॅननच्या नव्या बैठकीत हे अंतर २० वर उतरले, आणि माळ्यावरची एफडी भिंगे पुनश्च दरबारी रुजू झाली. तथापि जुने भिंग घेणारा आजही प्रथम ते उजेडापुढे धरून बुरशी पाहतो, कारण कोकणच्या पावसाळ्यात ती काचेवर सहज धरते.