प्रावरणातील खनिजांचे रूपांतर आणि पृथ्वीची दोलने

भूकंपाच्या लहरींचा वेग सुमारे ४१० आणि ६६० किलोमीटर खोलीवर एकाएकी वाढतो. ही वाढ रासायनिक घटकांतील भेदामुळे होते, की तेच द्रव्य दाबाखाली अधिक घट्ट स्फटिकरचना धारण करते म्हणून, हा विसाव्या शतकातील भूभौतिकीचा एक मूलभूत वाद होय.

या वादास दिशा दिली ती जे. डी. बर्नाल यांनी. ऑलिव्हिन हे खनिज प्रचंड दाबाखाली स्पिनेलसारखी रचना घेत असावे, असे त्यांनी १९३६ मध्ये सुचविले. १९५२ मध्ये फ्रान्सिस बर्च यांनी, प्रावरणाच्या संक्रमणपट्ट्यातील स्थितिस्थापकता एकविध द्रव्याच्या केवळ संपीडनाने उलगडत नाही, हे दाखवून त्या तर्कास बळ दिले. पुढे ऑस्ट्रेलियात ए. ई. रिंगवुड यांनी सहकाऱ्यासह १९६६ च्या सुमारास ऑलिव्हिनची दाट रूपे प्रयोगशाळेत घडविली. १९७४ मध्ये लिन-गुन लिऊ यांनी त्याहून खोल थरांस साजेशी पेरोव्हस्काइट रचना मिळविली.

तथापि स्थिर दाबाखालील रूपांतर सिद्ध झाल्याने दोलनांचा प्रश्न मिटला नाही. २२ मे १९६० रोजी चिली येथे झालेल्या भूकंपाने सबंध पृथ्वी घंटेप्रमाणे निनादली. सर्वांत संथ दोलनाचा आवर्तनकाल सुमारे ५४ मिनिटे भरला. ज्या पट्ट्यात खनिजाची दोन्ही रूपे एकत्र नांदतात, तेथे दोलनाने दाब वाढताच काही अंश दाट रूपात जावा व दाब उतरताच परतावा, हे ओघानेच येते. हे रूपांतर दोलनाच्या पावलाशी पाऊल जुळवील, तर द्रव्य संपीडनास मृदू ठरते व लहरींचा वेग घटतो. ते थोडे मागे पडेल, तर दोलनाची ऊर्जा उष्णतेत खर्ची पडते. अतिमंद असेल, तर त्याचा मागमूसही उरत नाही.

२००८ मध्ये ली ली व डोनाल्ड वायडनर यांच्या प्रयोगांत अशी मृदुता आढळली. उलटपक्षी, पृथ्वी सर्व दिशांनी फुगते व आकसते असे सुमारे २०.५ मिनिटांचे दोलन २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर कित्येक महिने टिकले. संपीडनात ऊर्जेचा ऱ्हास अत्यल्प होतो, असा याचा अर्थ. त्यामुळे रूपांतराचा वेग नेमका या आवर्तनकालाशी जुळत असावा, या शक्यतेस फारसा वाव राहत नाही.

सारांश, बर्नाल यांनी रचनेविषयी उपस्थित केलेला प्रश्न अखेर कालाचा प्रश्न ठरला. लहरींच्या वेगावरून प्रावरणाचे द्रव्य ओळखू पाहणाऱ्याने रूपांतरास लागणारा काल हिशेबात धरणे अगत्याचे आहे.