१०३पी/हार्टली

१०३पी/हार्टली किंवा हार्टली २ हा अल्पावधी धूमकेतू असून सुमारे साडेसहा वर्षांत तो सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. माल्कम हार्टली यांनी १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेत त्याचा शोध लावला. केंद्रकाभोवती विखुरलेले बर्फाचे सुटे तुकडे अंतराळयानाला प्रथम दिसले, ते याच धूमकेतूजवळ.

अंतराळयानाची भेट

नासाच्या डीप इम्पॅक्ट यानाने २००५ मध्ये टेम्पेल १ या धूमकेतूवर आघातक आदळवला होता. एपॉक्सी या पुढील मोहिमेत ते बोएथिन धूमकेतूकडे जाणार होते. परंतु तो धूमकेतू सापडेना, म्हणून यान हार्टली २ कडे वळवण्यात आले. ४ नोव्हेंबर २०१० रोजी ते केंद्रकापासून सुमारे ७०० किमी अंतरावरून गेले. दोन किमीहून थोडे अधिक लांबीचे हे केंद्रक भुईमुगाच्या शेंगेसारखे आहे. त्याची दोन्ही टोके खडबडीत, तर मधला चिंचोळा भाग गुळगुळीत आहे.

हिमकणांची उधळण

आकाराच्या मानाने या धूमकेतूतून पाण्याची वाफ फार मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. अशा धूमकेतूंना अतिसक्रिय म्हणतात. या सक्रियतेचे कारण यानाच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. सूर्याच्या उष्णतेने केंद्रकातील गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे संप्लवन होते, म्हणजे द्रवरूप न होता त्याचा थेट वायू बनतो. टोकांकडून जोराने उसळणारा हा वायू पाण्याच्या बर्फाचे कण व तुकडे सोबत वाहून नेतो. पुढे त्या कणांचीही वाफ होते. त्यामुळे केंद्रकाच्या पृष्ठभागाखेरीज भोवतालच्या असंख्य हिमकणांपासूनही वाफ मिळत राहते. मधल्या भागातून मात्र मुख्यतः पाण्याची वाफच निघताना आढळली. एकाच केंद्रकाच्या निरनिराळ्या भागांची सक्रियता भिन्न असू शकते, हे यावरून दिसून आले.

पाण्याचे मूळ

हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने या धूमकेतूच्या पाण्यातील ड्यूटेरिअम व साधा हायड्रोजन यांचे गुणोत्तर मोजण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते पृथ्वीवरील सागरजलाच्या गुणोत्तराशी जवळपास जुळते. हॅलेसारख्या आधी तपासलेल्या धूमकेतूंमध्ये ते सुमारे दुप्पट आढळले होते. त्यामुळे सागरांतील काही पाणी धूमकेतूंनी आणले असावे, या मताला बळ मिळाले. मात्र २०१४ मध्ये रोझेटा यानाला ६७पी/चुर्युमोव्ह–गेरासिमेन्को या धूमकेतूवर हे गुणोत्तर सागरजलाच्या तिपटीहून अधिक आढळले. सर्व धूमकेतूंचे पाणी एकसारखे नसल्याने एका धूमकेतूवरून सागरांच्या उगमाचा निर्णय करता येत नाही.