मांजरांचे नखोच्छेदन आणि पशुवैद्याची सनद

मराठीत ‘नखे काढणे’ याचा अर्थ वाढलेली नखे कापणे एवढाच होतो. त्यात कोणास इजा होत नाही, आणि काही दिवसांनी ती पुन्हा काढावी लागतात. उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळीव मांजरांवर जी शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली तिचे रूढ इंग्रजी नावही असेच निरुपद्रवी, म्हणजे ‘नखरहित करणे’ अशा अर्थाचे आहे. या शस्त्रक्रियेविषयी पुढे जो वाद माजला त्यातील निम्मा गोंधळ या नावानेच निर्माण केला, असे म्हणावयास हरकत नाही. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत आढळणारी ग्रीक धातूंवरून बनविलेली संज्ञाही ‘नखाचे उच्छेदन’ एवढाच अर्थ सांगते. सोयीसाठी प्रस्तुत लेखात ‘नखोच्छेदन’ हाच शब्द योजला आहे. परंतु वस्तुतः येथे छेद होतो तो केवळ नखाचा नव्हे, तर बोटाच्या शेवटच्या पेराचा.

याचे कारण मांजराच्या पंजाच्या रचनेत आहे. त्याचे नख बोटाच्या शेवटच्या अस्थीशी एकजीव झालेले असते आणि त्या अस्थीच्या कडेने असलेल्या भागातूनच ते वाढते. नख पुन्हा उगवू नये अशी इच्छा असेल तर निदान तो भाग, आणि बहुधा संपूर्ण अस्थी, सांध्यातून वेगळी करावी लागते. पुढच्या दोन पायांना प्रत्येकी पाच याप्रमाणे दहा पेरे निघतात. मागच्या पायांवरही शस्त्रक्रिया केली तर आणखी आठ. शिवाय मांजर माणसाप्रमाणे टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालते. म्हणजे जे पेर काढले जाते ते त्याच्या चालण्याशी थेट निगडित असते. आरंभी हे काम नखे कापण्याच्या, अडकित्त्यासारख्या हत्याराने होत असे. काही शल्यविशारद शस्त्राचे पाते पसंत करीत. १९९० नंतरच्या काळात लेसर आला आणि रक्तस्राव कमी झाल्याचे सांगण्यात येऊ लागले. नख तसेच ठेवून ते बाहेर काढणारी कंडरा कापण्याचा एक पर्यायही निघाला. हत्यारे बदलली तरी पेर काढण्याच्या मूळ क्रियेत फरक पडला नाही, आणि तिचे स्वरूप पशुवैद्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवली पाहिजे. कारण या वादाचा इतिहास एखाद्या दडलेल्या सत्याच्या शोधाचा इतिहास नव्हे. पेर कापले जाते हे माहीत असताना ते कापावयाचे की नाही हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाभोवती तो घडला आहे.

अमेरिकन पशुवैद्यक संघाच्या नियतकालिकात १९५२ साली शिकागोचे पशुवैद्य ए. जी. मायझनर यांचे या शस्त्रक्रियेविषयीचे एक लहानसे टिपण आले. छापील वाङ्मयातील तिच्या आरंभीच्या उल्लेखांत ते गणले जाते. शस्त्रक्रिया त्याच काळात का फोफावली याचा उलगडा मात्र पशुवैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा घरगुती सामानाच्या इतिहासात अधिक सापडतो. तोपर्यंत मांजर हे अर्धे घरातले, अर्धे बाहेरचे जनावर होते. त्याच्या विधीसाठी घरात राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा ठेवला तरी दुर्गंधी आणि घाण यांतून सुटका नसे. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील एडवर्ड लो या तरुणाने, कारखान्यांत सांडलेले तेल शोषून घेण्यासाठी विकली जाणारी माती मांजरांच्या पेटीत वापरून पाहण्याची कल्पना काढली. ही माती म्हणजे आपल्याकडील मुलतानी मातीच्याच वर्गातील होय. पाच पौंडांची पिशवी ६५ सेंटला, असा तिचा प्रारंभीचा भाव होता, आणि फुकटच्या वाळूच्या मानाने तो थोडा नव्हता. तरीही माती खपली. मांजराला दिवसरात्र घरात ठेवणे शक्य झाले ते या मातीमुळे. आणि मांजर घरात आले तसे त्याचे नखही घरात आले. झाडाच्या बुंध्यावर जे ओरबाडणे कोणाच्या लक्षातही येत नसे ते कोचाच्या कापडावर नुकसान ठरले. नखांना धार लावणे, अंग ताणणे, आपल्या वासाची खूण ठेवणे या सर्व गोष्टी मांजर ओरबाडण्यातून साधते. ती खोड नव्हे, जातिस्वभाव आहे. परंतु युद्धोत्तर अमेरिकेतील नव्या घरांत, नव्या सामानाशेजारी, या स्वभावाला जागा उरली नाही. भाड्याच्या घरांत तर मालकच पुष्कळदा नखोच्छेदनाची अट घालीत. बंध्यीकरणासाठी मांजर भूल देऊन टेबलावर घेतलेलेच असे. त्याच वेळी पंजेही उरकून घ्यावेत, ही पद्धत पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या अंदाजांनुसार अमेरिकेतील पाळीव मांजरांपैकी सुमारे एक चतुर्थांश नखरहित होती.

युरोपात हे घडले नाही. तेथे, विशेषतः ब्रिटनमध्ये, मांजर दारातून ये-जा करीतच राहिले आणि नखोच्छेदनाची प्रथाच पडली नाही. याचा परिणाम कायद्यावर कसा झाला ते १९८७ साली स्ट्रासबुर्ग येथे संमत झालेल्या, पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाविषयीच्या युरोपीय करारात चांगले दिसते. या कराराच्या दहाव्या कलमाने रोगोपचाराखेरीज अन्य हेतूने करावयाच्या शस्त्रक्रियांना बंदी घातली, आणि त्यांत शेपूट तोडणे, कान कापणे, आवाज बंद करणे, नखे व दात काढणे यांचा नाव घेऊन निर्देश केला. मात्र राष्ट्रांना करारात सामील होताना या यादीपैकी केवळ एका बाबीपुरता अपवाद मागण्याची मुभा ठेवली. ती बाब म्हणजे कुत्र्यांची शेपूट. शेपटी तोडण्याची रूढी युरोपात जुनी आणि प्रतिष्ठित होती. तिच्यासाठी वाट मोकळी ठेवावी लागली. नखोच्छेदनासाठी तशी वाट मागणारे तेथे कोणीच नव्हते. जी गोष्ट कोणी करीत नाही तिच्यावर बंदी घालणे सोपे असते, आणि युरोपच्या या बाबतीतील नैतिक श्रेष्ठत्वाचा बराच भाग या सोपेपणाचा आहे हे नमूद करणे न्यायाचे होईल. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने तर नखाचे नावच घेतले नाही. औषधोपचाराव्यतिरिक्त प्राण्याच्या संवेदनशील ऊतींत किंवा अस्थिरचनेत हस्तक्षेप करणारी क्रिया म्हणजे विकृतीकरण, अशी व्याख्या त्याने केली. नावाच्या घोळातून सुटण्याचा हा मार्ग खरोखर मार्मिक होता.

अमेरिकेत वादाला कायद्याचे रूप आले ते मांजरामुळे नव्हे, वाघसिंहांमुळे. चित्रपट व करमणुकीच्या खेळांसाठी पाळलेल्या मोठ्या मार्जारकुलीन प्राण्यांची नखे काढलेली असत, आणि शरीराच्या वजनामुळे त्यांचे पंजे कालांतराने इतके निकामी होत की जनावर लंगडू लागे. कॅलिफोर्नियातील पशुवैद्य जेनिफर कॉनराड यांनी अशा पंजांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि त्यातून ‘पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था उभी राहिली. वाघाच्या पंजावरून मांजराच्या पंजाकडे येणे ओघानेच झाले. लॉस एंजलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवुड या सुमारे पस्तीस हजार वस्तीच्या शहराने २००३ च्या एप्रिलमध्ये, उपचाराची गरज असल्याखेरीज कोणत्याही प्राण्याचे नखोच्छेदन करण्यास बंदी करणारा उपविधी संमत केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर.

या उपविधीला कॅलिफोर्निया पशुवैद्यक संघाने न्यायालयात आव्हान दिले. फिर्यादीचा आधार मोठा बोधप्रद आहे. मांजराला वेदना होत नाहीत, असा तो नव्हता. राज्याने ज्याला व्यवसायाची सनद दिली आहे त्याला तो व्यवसाय करण्यापासून कोणत्याही शहराने किंवा परगण्याने रोखू नये, असे राज्याच्या व्यवसायविषयक संहितेचे ४६० वे कलम होते. वेस्ट हॉलिवुडने हे कलम ओलांडले, असे संघाचे म्हणणे होते. युक्तिवाद उथळ नव्हता. प्रत्येक नगरपालिका आपापल्या मताप्रमाणे वैद्यकाच्या मर्यादा ठरवू लागली तर रस्त्याच्या एका बाजूस कायदेशीर असलेली क्रिया दुसऱ्या बाजूस गुन्हा ठरेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. कनिष्ठ न्यायालयाने संघाच्या बाजूने निर्णय दिला. २००७ साली अपील न्यायालयाने तो फिरविला. त्याच्या मते ४६० वे कलम सनदधारकाला व्यवसायातूनच वगळणाऱ्या स्थानिक नियमांना अडवते. परंतु सनद असो वा नसो, सर्वांना सारखीच लागू पडणारी आणि प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी केलेली एखाद्या विशिष्ट कृतीवरील बंदी त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या शब्दांत, सनद ही व्यवसाय करण्याचा अधिकार देते. त्या व्यवसायात अंतर्भूत होऊ शकणाऱ्या प्रत्येक कृतीला ती कायमचे अभय देत नाही.

यावर व्यावसायिक संघटनांनी विधिमंडळाकडे धाव घेतली. २००९ मध्ये ४६० वे कलम दुरुस्त होऊन, सनदधारकाच्या व्यवसायकक्षेत येणाऱ्या क्रियांवर शहरांनी बंदी घालू नये असे स्पष्ट करण्यात आले. दुरुस्तीचा अंमल १ जानेवारी २०१० पासून व्हावयाचा होता आणि त्यापूर्वीचे उपविधी अबाधित राहणार होते. जो दरवाजा बंद करावयाचा तो अमुक तारखेला बंद होईल, अशी ही जाहीर सूचनाच झाली. त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस, बर्कली, सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, बरबँक आणि कल्व्हर सिटी या सात शहरांनी घाईने बंदी संमत केली. एका छोट्या शहराचा उपविधी रद्द करविण्यासाठी सुरू झालेल्या खटाटोपाची परिणती लॉस एंजलिससारख्या महानगरात बंदी येण्यात झाली. विधिमंडळांच्या इतिहासात असे विपरीत परिणाम दुर्मिळ नसले तरी इतक्या थोड्या अवधीत क्वचितच दिसतात. पुढे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने घरमालकांना भाडेकरूवर नखोच्छेदनाची अट घालण्यास मनाई केली. वादाच्या मुळाशी असलेल्या कोच आणि भिंती यांपर्यंत कायदा प्रथम पोहोचला तो येथे.

संपूर्ण राज्यापुरती बंदी घालण्याचा पहिला मान २०१९ च्या जुलैत न्यूयॉर्कला मिळाला. उल्लंघनास एक हजार डॉलरपर्यंत दंड ठरला. मेरीलँड २०२२ मध्ये त्याच मार्गाने गेले. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यक संस्थेने विधेयकास जो विरोध केला त्यात दोन मुद्दे मुख्य होते. एक, नखांमुळे मांजर घराबाहेर काढले जाईल आणि आश्रयगृहात मारले जाईल, त्यापेक्षा नखे गेलेली बरी. दुसरा, ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा ज्यांचे रक्त सहज गोठत नाही अशा मालकांना ओरखडा धोक्याचा ठरतो. दुसऱ्या मुद्द्याची अडचण अशी की एच. आय. व्ही. बाधितांसाठी अमेरिकन आरोग्यखात्याने केलेल्या मार्गदर्शनातच नखोच्छेदनाची सर्वसाधारण शिफारस नाही. पहिला मुद्दा अधिक वजनदार होता, कारण त्यात मांजराच्या जिवाचा प्रश्न होता, आणि बंदीवाद्यांनी तो कित्येकदा उडवून लावला हे त्यांना भूषणावह नाही. त्याचे उत्तर बंदी प्रत्यक्ष अमलात आल्यावरच मिळणे शक्य होते. ते कॅनडात मिळाले. ब्रिटिश कोलंबियात २०१८ साली बंदी आली. तिच्या आधीच्या व नंतरच्या तीन-तीन वर्षांतील आश्रयगृहांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सामानाच्या नासधुशीमुळे सोडून दिलेल्या मांजरांची संख्या वाढल्याचे आढळले नाही.

वैद्यकीय पुरावाही याच सुमारास बळकट झाला. २०१८ साली मार्जारवैद्यकाच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नखोच्छेदित १३७ आणि तितक्याच अन्य मांजरांची तुलना होती. पहिल्या गटात पाठदुखी, पेटीबाहेर मलमूत्र करणे आणि चावणे यांचे प्रमाण अधिक आढळले. इतकेच नव्हे, तर त्यांतील ६३ टक्के मांजरांच्या पंजात कापलेल्या पेराचे अवशेष राहिले होते. म्हणजे शस्त्रक्रिया योग्य आहे की नाही हा प्रश्न बाजूस ठेवला तरी ती नीट होत नव्हती. सनदधारकाच्या कौशल्यावर उभारलेल्या युक्तिवादाला हा आकडा फार प्रतिकूल होता.

कॅनडातील घडामोडींचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळे आहे. नोव्हा स्कोशियाच्या पशुवैद्यक संघटनेने २०१७ च्या डिसेंबरात आपल्याच आचारसंहितेत दुरुस्ती करून, उपचाराव्यतिरिक्त केलेले नखोच्छेदन नीतिबाह्य ठरविले. २०१८ च्या मार्चपासून ते अमलात आले. तेथे शहराने उपविधी केला नाही, विधिमंडळाने कायदा केला नाही, न्यायालयात कोणी गेले नाही. ज्या व्यावसायिक स्वायत्ततेच्या नावाने कॅलिफोर्नियात बंदीला विरोध झाला तिचाच उपयोग करून ही बंदी आली. त्यानंतर कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत पशुवैद्यांच्या नियामक संस्थांनी हाच मार्ग चोखाळला. क्वेबेकमध्ये २०२४ साली मनाई झाली ती मात्र सरकारी कायद्याने.

अमेरिकेतील राष्ट्रीय संघाची भूमिका हळूहळू सरकली. २००३ च्या धोरणात, इतर उपाय थकल्यावर नखोच्छेदनाचा विचार करावा असे म्हटले होते. २०२० मध्ये ते बदलले. नव्या धोरणाच्या एका वाक्यात संघ ऐच्छिक नखोच्छेदन करण्यापासून सर्वांना परावृत्त करतो. आणि त्याच धोरणात, प्राण्याच्या व मालकाच्या हिताचा निर्णय स्वतःच्या व्यावसायिक विवेकाने घेण्याच्या पशुवैद्याच्या अधिकाराचा आदर करतो, असेही म्हणतो.